टीम पूर्ण बाद झाली असं नेमकं कधी धरायचं? (चार टीम, प्रत्येकी तीन जण)

खिडकीतला_कावळा
मंडळी, आम्ही दोघं-तिघं मिळून फावल्या वेळात एक छोटा मल्टिप्लेअर गेम करतोय. वरून दिसणारा मॅप, चार टीम, प्रत्येकी तीन जण, रिंगण हळूहळू आवळत जातं, मॅच सहा-सात मिनिटांची. हेल्थ शून्य झाली की माणूस लगेच मरत नाही, पडतो, १५ सेकंदांत सोबत्याने उचललं तर ठीक नाहीतर बाद. तिघंही बाद झाले की टीम बाद आणि शेवटी उरेल ती टीम जिंकली. कागदावर झकास वाटत होतं.

खेळवून बघितलं तर दोन गोष्टी होतायत. एक म्हणजे पहिली टीम दीडेक मिनिटात बाहेर पडते आणि ते तिघं सरळ गेम बंद करून जातात, पुढच्या मॅचला थांबतच नाहीत. दुसरी गोष्ट जास्त वैताग आणते, दोघं बाद झाले की उरलेला तिसरा झुडपात जाऊन बसतो आणि ते दोघं चार मिनिटं त्याला बसलेलं बघत बसतात. त्यातला एक जण मला म्हणाला "झाडं छान काढलीयत हं तुम्ही". टोमणा पोचला.

अमर्याद रिस्पॉन (मेलेला परत जिवंत होणं) टाकला तर पडण्याची भीतीच जाईल, मग आमच्या गेममध्ये उरतं काय. पण आत्ता आहे तसं पण चालणार नाही. तुम्ही काय कराल?

कोपऱ्यातला_स्नायपर
झुडपात बसणाऱ्याला का बोल लावताय, बसायचा पगार तर तुम्हीच देताय ना. दुसऱ्या नंबराने येण्यालाही पॉइंट आहेत की नाही? असतील तर मीही बसेन. रात्रभर बसेन.

खिडकीतला_कावळा
आहेत :) दुसऱ्या नंबरला बऱ्यापैकी आहेत.

जुना_लॅनवाला
आधी एक गोष्ट वेगळी करून बघ. टीम बाद होणं आणि टीम हरणं हे एकच असलं पाहिजे असा काही नियम नाहीये. काउंटर-स्ट्राइकमध्ये (दोन टीमचा गोळीबाराचा गेम, एक टीम बॉम्ब लावते, दुसरी अडवते) मेला तो मेला, त्या राउंडमध्ये परत येत नाही, आणि तरी तो प्रकार पंचवीस वर्षं टिकलाय. का टिकला याची माझ्या मते तीन कारणं आहेत.

पहिलं, राउंड छोटा. स्पर्धेच्या मोडमध्ये १ मिनिट ५५ सेकंद, बॉम्ब लागला तर त्यापुढे अजून ४० सेकंद. म्हणजे सुरुवातीलाच मेलेला माणूस फार फार तर अडीच मिनिटं बसतो, बहुतेक वेळा त्याहून बरंच कमी. तुझ्याकडे दीड मिनिटात मेलेला पाच मिनिटं बसतोय, तेही ज्याच्यावर त्याचा काहीच जोर चालत नाही अशा खेळाकडे बघत.

दुसरं म्हणजे बॉम्ब. बॉम्ब लावून झाला आणि मग लावणारे सगळे मेले तरी राउंड संपत नाही, समोरच्यांना तो निकामी करावाच लागतो, नाही जमलं तर मेलेली टीम जिंकते. मेलेला खेळाडू आपल्या लावलेल्या बॉम्बचा टाइमर बघत खुर्चीच्या टोकावर बसलेला असतो, त्याला कोणी 'थांब' म्हणावं लागत नाही. याउलट बॉम्ब लागायच्या आधी सगळे मेले की राउंड तिथेच खलास, उगाच घड्याळ पळवत नाहीत.

तिसरं, हरणाऱ्याला पैसे मिळतात. एक राउंड हरलं की १४००, लागोपाठ हरत गेलं की दर वेळी ५०० वाढत ३४०० पर्यंत. म्हणजे पुढच्या राउंडला हातात निदान बंदूक तरी येते. तुझ्या गेमला पुढचा राउंडच नाही, म्हणून बाद होणं एवढं जड पडतंय. सहा मिनिटांची एक मॅच करण्याऐवजी दोन-दोन मिनिटांचे राउंड का नाही करत?

खिडकीतला_कावळा
राउंडचा विचार झाला होता पण रिंगण आवळण्यात जी मजा आहे ती दोन मिनिटांत बसत नाही. चार टीम पसरायलाच पाऊण मिनिट जातं. बाद होणं आणि हरणं वेगळं, हे मात्र डोक्यात घोळतंय.

वजाबाकी
इथे एक जुनं गणित कामाला येतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअरने मांडलं होतं की दोन्ही बाजू एकमेकांवर नेम धरून मारा करू शकत असतील तर बाजूचं बळ माणसांच्या संख्येच्या वर्गाप्रमाणे जातं. ५ विरुद्ध ४ घ्या, २५ वजा १६ म्हणजे ९, त्याचं वर्गमूळ ३. म्हणजे सगळे सारख्याच हुशारीचे असतील तर पाचवाले सरासरी तीन माणसं शिल्लक ठेवून जिंकतात. एका माणसाचा फरक होता तो तिघांचा झाला.

आता तुमच्या ३ विरुद्ध २ ला लावून बघा. बळ ९ ला ४. एक माणूस गेला म्हणजे टीमचा तिसरा हिस्सा गेला असं वाटतं, पण बळ निम्म्याहून जास्त गेलेलं असतं. पाचाच्या टीममध्ये एक गेला तर २५ चे १६ राहतात, त्यात अजून लढता येतं. तिघांच्या टीममध्ये पहिला पडला की भांडण जवळपास तिथेच मिटलं, पुढचं नुसतं आवरणं. मग तो तिसरा झुडपात बसतो यात त्याचं गणित बरोबरच आहे की, १ विरुद्ध ३ म्हणजे १ ला ९. तो भित्रा नाहीये, त्याने हिशोब केलाय.

दोन गोष्टींनी हा वर्ग मोडतो. अरुंद वाट, जिथे एका वेळी एकालाच मारा करता येतो, तिथे हिशोब वर्गाचा न राहता साध्या संख्येचा होतो, तेव्हा मॅपमध्ये बोळ आणि दारं वाढवा, मोकळी मैदानं कमी करा. आणि दुसरं, तिसरी टीम. दोन टीम भांडून जी जिंकते तीसुद्धा दोन-सव्वादोन माणसांच्या बळावर उभी असते, तेवढ्यात तिसरी ताजी टीम येऊन तिला खाते. म्हणजे तुमच्या गेममध्ये आधी भांडण काढणं हेच मुळात तोट्याचं आहे. झुडूप नंतर बघा, आधी हे बघा.

हेडशॉट_मावशी
वजाबाकींनी मस्त सांगितलं. पण मग उपाय बोळ नाही, उपाय त्या तिसऱ्याला काम देणं. एपेक्स लेजेंड्स बघा, २०१९ ला आला, तोही तिघातिघांचाच, २० टीम. सोबती बाद झाला की त्याच्या पेटीतून त्याचं बॅनर (ओळखीची खूण) उचलायचं आणि ठराविक ठिकाणच्या बीकनवर, म्हणजे परत बोलवायच्या यंत्रावर, जाऊन त्याला परत बोलवायचं, आणि ते यान खाली येताना आजूबाजूच्या सगळ्यांना दिसतं. म्हणजे एकट्या उरलेल्याला लपायचं कारण पण आहे आणि बाहेर पडायचं कारण पण आहे. बघत बसलेले दोघंही मग झाडं बघत नाहीत, ते "डावीकडून जा डावीकडून जा तिथे कोणी नाहीये" असं ओरडत असतात. त्याच वर्षी फोर्टनाइटने सोबत्याला परत आणणारी व्हॅन आणली, तत्त्व तेच.

वॉरझोनचा गुलाग वेगळा. तिथे मेलेलाच एकास एक लढून स्वतःची सुटका करून घेतो, सोबत्याने काही करावं लागत नाही. ऐकायला छान पण तुमच्यासाठी नको, एक तर त्यासाठी वेगळा मॅप बांधा, आणि दुसरं म्हणजे टीमचा गेम असून परतीचा रस्ता एकट्याचा होतो. परत आणण्याची किंमत कोण मोजतो हा खरा प्रश्न आहे, मेलेला, जिवंत सोबती, का घड्याळ. घड्याळाने मोजली तर झुडूपवाला अजूनच खूश, बसला की आपोआप सोबती परत.

आणि परतीचं दार कधीतरी बंद झालंच पाहिजे हां. शेवटच्या दोन मिनिटांत कोणी परत येणार नाही असं ठणकावून सांगा.

निदानरेषा
एवढे सगळे गेम आठवले आणि कबड्डी कोणाला आठवली नाही का. टीम बाद करण्याचं सगळ्यात घासूनपुसून झालेलं डिझाइन आहे ते.

सात जण. बाद झालेला बाहेर जाऊन रांगेत बसतो, आपल्या टीमने समोरचा एक गारद केला की रांगेतला पहिला आत येतो, ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने परत. बोनस रेषेच्या गुणाने मात्र कोणी परत येत नाही, त्यासाठी माणूसच मारावा लागतो. आणि सातही गेले की लोण, समोरच्यांना वरचे २ गुण, आणि बाद झालेले सातच्या सात पुन्हा मैदानात. बघा ना, पूर्ण टीम बाद होणं हा तिथे शेवटच नाही, ती गुणफलकावरची एक नोंद आहे, डाव चालूच.

शिवाय कमी माणसांच्या टीमला टेकू आहे. तीन किंवा त्याहून कमी उरले असताना चढाईपटू धरला तर अव्वल पकड, एकाऐवजी दोन गुण. आणि वेळ काढणाऱ्याला चाप आहे, प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो', गुण आणा नाहीतर चढाईपटू बाद. झुडपात बसायची सोयच नाही. चढाईच ३० सेकंदांची.

तेव्हा कावळेबुवा, समोरचा एक पाडला की आपला एक परत, असं करून टाका. बीकन वगैरे काही बनवायला नको.

हेडशॉट_मावशी
निदानरेषा, कबड्डीत हे चालतं कारण तिथे चढाई आळीपाळीने होते आणि उरलेल्या एकट्याच्या अंगावर समोरचे सगळे एकदम येत नाहीत, येतो तो एकटा चढाईपटू. इथे १ ला ९ आहे असं वजाबाकींनी आत्ताच सांगितलं. ज्याला सोबती हवाय त्यानेच आधी एकट्याने कोणीतरी पाडून दाखवायचा, आणि जो तीन उभे असताना पाडतोय त्याला परत आणायला कोणी नाहीच. म्हणजे गरज नाही त्याला सोपं आणि गरज आहे त्याला अशक्य.

निदानरेषा
हे मान्य, एकट्याचं अवघड आहे. पण लोणाचं घ्याच.

खिडकीतला_कावळा
लोण मला फार आवडलं खरं तर. पण आमच्याकडे चार टीम आहेत, दोन गुण कोणाला? निळ्यांनी दोघं पाडले आणि लपलेला तिसरा हिरव्यांनी शेवटी टिपला, तर लोण हिरव्यांचा? निळे शिव्या घालतील.

टिकरेट
शेवटचा उभा ज्याने पाडला त्याचा. साधं ठेवा. बाकी काहीही ठेवलं तर स्क्रीनवर समजावून सांगता येत नाही.

हेडशॉट_मावशी
मग सगळे शेवटचा घास चोरायलाच बसतील की. कोणी पहिली गोळीच झाडणार नाही.

निदानरेषा
अहो पण प्रमाण बघा. लोण होईपर्यंत सात जण बाद करण्याचे गुण वेगवेगळे मिळालेलेच असतात, लोणाचे वरचे फक्त २. म्हणजे मुख्य कमाई एकेक माणूस बाद करण्यात आहे. तुम्ही पण प्रत्येक माणसाचे ज्याने पाडला त्याला २ द्या आणि पूर्ण टीमचा वर १ द्या. हिरव्यांनी चोरला तर त्यांना ३, निळ्यांना ४ आधीच मिळालेत. कोणी शिव्या घालणार नाही. दुसऱ्या नंबराला म्हणून जे पॉइंट देताय ते मात्र आधी काढा, कोपऱ्यातल्या स्नायपरचा पगार बंद.

कोपऱ्यातला_स्नायपर
पोटावर पाय देऊ नका हो.

टिकरेट
आता माझं. डिझाइन काय ते ठरवा, पण 'टीम बाद' हे कोडमध्ये कुठे तपासताय ते सांगा आधी. मी पैजेवर सांगतो की माणूस मरण्याच्या इव्हेंटमध्येच (मेल्याची नोंद होते त्याच क्षणी) तपासताय, आणि टीमच्या यादीवर लूप फिरतोय, म्हणजे एकेक टीम क्रमाने बघताय.

खिडकीतला_कावळा
हो. का?

टिकरेट
मग हे बघ. शेवटच्या दोन टीम उरल्यात, १ नंबरची आणि ४ नंबरची, एकेकच माणूस, दोघांची हेल्थ थोडी, दोघांनी एकमेकांकडे बॉम्ब फेकले. सर्व्हर सेकंदाला ३० टिक (हिशोबाच्या फेऱ्या) चालवतोय म्हणजे एक टिक ३३ मिलिसेकंदांची, दोन्ही बॉम्ब एकाच टिकमध्ये फुटले. तुझा लूप आधी १ नंबरच्या टीमकडे जातो, तिचा माणूस मेला, इव्हेंट उडाला, तपासलं, एकच टीम उरली, ४ नंबर विजयी, मॅच संपली. ४ नंबरचा माणूस त्याच टिकमध्ये मेलेला आहे हे कोणी बघितलंच नाही. आणि हे दर वेळी असंच होणार, लॉबीत जो उशिरा आला त्याची टीम नंबरने मोठी आणि बरोबरीत कायम तीच जिंकणार. खेळणाऱ्यांना कळणार नाही, नुसतं वाटत राहणार की काहीतरी गडबड आहे.

म्हणून आधी टिकमधलं सगळं नुकसान गोळा कर, मग सगळ्यांच्या अवस्था बदल, आणि मग शेवटी एकदाच तपास. त्या वेळी उभी टीम शून्य निघाली तर काय करायचं हे आधीच लिहून ठेव. बरोबरी दे, किंवा जास्त गुण असतील तो जिंकला म्हण, काहीही, पण यादीच्या क्रमावर सोडू नको.

दुसरं, तपासताना 'किती जिवंत' असं मोजू नको. माणसाच्या चार अवस्था आहेत, उभा, पडलेला, बाद, आणि नेट तुटलेला. विचारायचा प्रश्न एकच, या टीमला परतीचा काही मार्ग शिल्लक आहे का. कोणी उभा आहे का? नसेल तर पडलेल्यांपैकी कोणाकडे स्वतः उठायचं साधन आहे का? बीकनवर कोणाचं परत येणं चालू आहे का? तिन्ही 'नाही' असतील तर सगळ्यांना तत्काळ बाद कर, १५ सेकंद रक्त सांडत लोळवत ठेवू नको. पबजीत शेवटचा उभा पडला की आधीचे पडलेलेही त्याच क्षणी जातात ते म्हणूनच. हे सगळं एका फंक्शनमध्ये (कोडच्या एकाच तुकड्यात) ठेव, उद्या नवीन साधन आणलंत की तिथेच एक ओळ वाढव, नाहीतर दहा ठिकाणी शोधत बसशील.

नेट तुटलेल्याचं जरा अवघड असतं. लगेच बाद धरला तर बिचाऱ्या सोबत्यांवर अन्याय, कायम उभा धरला तर हरायला आलेला वायर ओढून बसेल आणि मॅच लटकेल. त्याचं शरीर मॅपवर तसंच राहू दे, मार खाऊ दे, ३०-४० सेकंदांची मुदत दे, तोवर उभा धर. मुदत संपली की बाद. रिंगण आवळतंच आहे, ते बाकीचं करेल.

जुना_लॅनवाला
यात एक भर. शेवटचा माणूस पडताच थेट मेला तर मारणाऱ्याला फुकट माहिती मिळते की या टीमचं कोणी उरलं नाही, तो निवांत लुटायला जातो. आणि माणूस नुसता पडून सरपटायला लागला तर कळतं की दुसरा कुठेतरी उभा आहे. हे तुला हवंय का ते ठरव. मला विचारशील तर हवं, त्या एका क्षणाच्या हुश्शवरच तिसरी टीम हल्ला करते आणि खरी मजा तिथेच असते.

फक्त_बघतोय
एकाच गोष्टीवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय, मेलेले काय करतात. अमंग असमध्ये मेलेला क्रूमेट (यानावरचा साधा कामकरी) भूत होऊन आपली कामं पूर्ण करू शकतो आणि ती टीमच्या खात्यात धरतात. रेनबो सिक्स सीजमध्ये मेलेला कॅमेऱ्यांतून बघून सोबत्यांना शत्रू दाखवतो. बॉम्बरमॅनच्या काही गेममध्ये बाद झालेला कडेला बसून आत बॉम्ब फेकतो. ब्लड ऑन द क्लॉकटॉवर म्हणून टेबलावरचा गेम आहे, त्यात मेलेले बोलू शकतात आणि त्यांच्याकडे एकच मत शिल्लक असतं, ते कधी वापरायचं यावर डाव फिरतो. सगळीकडे मेलेल्याच्या हातात थोडंसं काहीतरी ठेवलंय.

पण बॉम्बरमॅनसारखं तुमच्या चार टीमच्या गेममध्ये करू नका. बाद झालेली टीम, जिने आपल्याला मारलं तिच्यावरच सगळा राग काढेल, आणि कोण जिंकणार हे बाद झालेले ठरवतील. दोन टीम असतील तर हा प्रश्न येत नाही, चार असतील तर येतोच. भुताला ताकद द्यायची तर ती फक्त स्वतःच्या उभ्या सोबत्याला मदत करण्यापुरती, एखादं ठिकाण दाखवणं वगैरे. आणि कॅमेरा सोबत्याच्याच मागे, बाकी टीम बघू दिल्या तर फोन लावून सगळं सांगतात.

पूर्ण टीम बाद झाली की मग मात्र त्यांना धरून ठेवू नका. एका बटणात नवीन मॅच, त्याच तिघांना एकत्र. सोडून गेल्याचा दंड फक्त परतीचा मार्ग शिल्लक असेपर्यंत.

वजाबाकी
टिकरेट यांचं 'परतीचा मार्ग आहे का' हे फंक्शन दंडालाही तेच वापरता येईल की. एकच उत्तर तीन ठिकाणी, टीम बाद का, दंड लागू का, बघणाऱ्याला 'नवीन मॅच' बटण दाखवायचं का.

टिकरेट
हो. आणि परतीचं दार बंद झालं की तेही याच फंक्शनमध्ये.

खिडकीतला_कावळा
बरं, आत्तापुरतं असं ठरवतोय. मॅपवर चार बीकन, प्रत्येक एकदाच वापरता येईल, वापरताना सगळ्यांना दिसेल. चार मिनिटांनंतर बीकन बंद. प्रत्येक माणसाचे २ गुण, टीमचा वर १, दुसऱ्या नंबराचे काही नाहीत, शेवटी उरलेल्या टीमला ४. लोणासारखं पूर्ण टीमला परत आणणं मोह होत असूनही सोडतोय, सहा मिनिटांत ते बसत नाही. तपासणी टिकच्या शेवटी. बोळ वाढवायचं काम मॅपवाल्याकडे दिलंय, तो माझ्याशी बोलत नाहीये.

एक राहिलं. रिंगणाने मारला तर गुण कोणाला?

हेडशॉट_मावशी
कोणालाच नाही.

निदानरेषा
मैदानाबाहेर पाय पडला तर गुण समोरच्यालाच मिळतो हो.

टिकरेट
शेवटच्या १० सेकंदांत ज्याने त्याला मारलं असेल त्याला, तसा कोणी नसेल तर कोणालाच नाही. दहा का आठ ते खेळवून बघून ठरवा.

कोपऱ्यातला_स्नायपर
म्हणजे मी झुडपातून एक गोळी मारायची आणि रिंगणाने माझं काम करायचं. चला, पगार चालू.